रेडिओवर चुकीचं ऐकू येणारच, ते पकडायचं कसं? नव्या पायलटसाठी

गोंदियाला, धुळ्याला किंवा नागपूरला फ्लाइंग शिकायला गेलेल्या बहुतेक मुलामुलींना पहिले काही आठवडे विमानापेक्षा रेडिओची धास्ती जास्त असते. टॉवरवरून भराभर काहीतरी बोललं जातं, अर्धं डोक्यावरून जातं, आणि शेजारचा इन्स्ट्रक्टर ‘बोल, बोल’ म्हणून कोपर मारत असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं. थोडंफार ते खरं असेलही. पण उत्तम इंग्रजी बोलणारे, हजारो तास उडवलेले पायलटसुद्धा रेडिओवर चुकीचं ऐकतात. ऐकण्यातली चूक होणारच असं धरूनच ही सगळी पद्धत बांधलेली आहे. आपली चूक समोरच्याला पकडता येईल असं बोलायचं, आणि समोरच्याची चूक आपल्याला पकडता येईल असं ऐकायचं, एवढंच शिकायचं असतं. आरटीआर (ए) म्हणजे विमानाचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती जबाबदारी डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे दिली.

आधी यंत्र समजून घ्या

विमानाचा व्हीएचएफ रेडिओ साधारण 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एएम पद्धतीने चालतो. बटण दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. बोलत असताना तुम्ही बहिरे असता. एका फ्रीक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले तर इतरांना बहुधा नुसती शिट्टी किंवा घरघर ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना मात्र आपलं बोलणं नीट पोचलं असंच वाटतं. हा दोष किती महाग पडू शकतो ते पुढे येईलच.

यातून पहिल्या सवयी ठरतात. नव्या फ्रीक्वेन्सीवर गेल्यावर लगेच बोलू नका. दोन-तीन सेकंद ऐका. कुणी बोलत असेल तर त्याला उत्तर मिळेपर्यंत थांबा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं, आणि पहिलं असतं ते नेमकं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव. बोलून झाल्यावर बटण खरंच सुटलंय ना ते बघा. अडकलेल्या एका बटणामुळे सगळ्या विमानतळाची फ्रीक्वेन्सी ठप्प होते, आणि तुमची कॉकपिटमधली कुरकुर सगळ्यांना ऐकू जाते.

चार गोष्टी, याच क्रमाने

बटण दाबायच्या आधी वाक्य डोक्यात तयार हवं. कुणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. समजा तुमच्या विमानाची नोंदणी व्हीटी-एक्सवायझेड आहे:

‘नागपूर टॉवर, व्हिक्टर टँगो एक्सरे यँकी झुलू, होल्डिंग पॉइंट अल्फा, रेडी फॉर डिपार्चर.’

संपलं. (होल्डिंग पॉइंट म्हणजे धावपट्टीच्या अलीकडची थांबायची जागा.) ‘सर, अॅक्च्युअली वुई आर रिक्वेस्टिंग’ असली शेपटं जोडू नका. आपल्याकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना दोन आदराचे शब्द जास्तच घालायची सवय असते, ती इथे आड येते. फ्रीक्वेन्सी रिकामी असेल तर एकदा ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘नमस्कार’ म्हणायला कुणाची हरकत नसते. पण रांगेत पाच विमानं असताना दर वाक्याला ‘सर’ म्हणणं हा आदर नाही, ती गर्दी आहे.

कॉलसाइन स्वतःहून छोटं करू नका. टॉवरने ‘व्हिक्टर यँकी झुलू’ म्हटलं की मगच तुम्ही तसं म्हणायचं. आकाशात मिळतीजुळती कॉलसाइन असू शकतात आणि ते टॉवरला दिसतं, तुम्हाला दिसत नाही. मोठ्या विमानतळांवर ही रोजची डोकेदुखी असते. मुंबईसारख्या ठिकाणी एकाच वेळी ‘आयफ्लाय’ने सुरू होणारी इंडिगोची कितीतरी विमानं एका फ्रीक्वेन्सीवर असतात, आणि पुढच्या आकड्यांत एखाद्याच अंकाचा फरक असतो. म्हणूनच कंपन्या आता आकड्यांबरोबर अक्षरं असलेली कॉलसाइन वापरतात. तुमच्या विमानासाठी असलेली सूचना दुसऱ्याच कुणीतरी उचलली असं वाटलं तर गप्प बसू नका, टॉवरला सांगा. आणि ‘ही सूचना माझ्यासाठीच होती का?’ अशी शंका आली तर ‘कन्फर्म, फॉर व्हिक्टर यँकी झुलू?’ विचारल्याशिवाय चाक हलवू नका.

आकडे: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

आकडे एकेक अंक सुटा उच्चारायचा. 118.1 म्हणजे ‘वन वन एट डेसिमल वन’. नऊला ‘नाइनर’, पाचला ‘फाइफ’, चारला ‘फोअर’ असा लांबवून, तीनला ‘ट्री’, हजाराला ‘टाउझंड’. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत अगदी सारखे ऐकू येतात, म्हणून हा खटाटोप. ‘थ’च्या उच्चारावरून शाळेत बोलणी खाल्लेल्यांनी निर्धास्त असावं, इथे ‘ट्री’ हाच बरोबर उच्चार आहे. आणखी एक अडचण खास आपली. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी येतो आणि वीस नंतर. घाईत मनातल्या मनात मराठीत मोजणाऱ्याच्या तोंडून सत्तावीसचे बहात्तर होतात. त्यामुळे आकडा ऐकताच गुडघ्यावरच्या पॅडवर अंकात लिहा, शब्दात मनात ठेवू नका.

आकड्याला त्याचं नाव लावा. ‘टू सेव्हन झीरो’ ही दिशा असू शकते, वेग असू शकतो, फ्लाइट लेव्हल म्हणजे उंचीही असू शकते. म्हणून ‘हेडिंग टू सेव्हन झीरो’ म्हणायचं. ‘वन झीरो टाउझंड’ आणि ‘वन वन टाउझंड’ ही दुसरी कुप्रसिद्ध जोडी. दहा हजार फूट की अकरा, याची शंका राहिली तर विचारा.

नाव न लावल्याने काय होतं त्याचं उदाहरण 19 फेब्रुवारी 1989 चं आहे. फ्लायिंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग 747 सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळावर उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो.’ त्याला म्हणायचं होतं 2,400 फूट. कॉकपिटमध्ये त्यातला पहिला ‘टू’ आकडा न वाटता ‘पर्यंत’ या अर्थाचा वाटला, आणि उरले 400 फूट. क्रूने उत्तरात ‘फोर झीरो झीरो’च म्हटलं. कंट्रोलरने ते पकडलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, आतले चौघेही गेले. आज ‘डिसेंड टू अल्टिट्यूड टू टाउझंड फोर हंड्रेड’ असं ‘अल्टिट्यूड’ शब्द मध्ये घालून आणि शेकडा-हजार वेगळे करून सांगायचं असतं, ते का, हे यावरून कळावं.

रीडबॅक म्हणजे पाठांतर नाही

काही सूचना शब्दशः परत म्हणून दाखवाव्याच लागतात: मार्गाचं क्लिअरन्स म्हणजे परवानगी, धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं (होल्ड शॉर्ट), तिच्यावर मागे वळून टॅक्सी करणं (बॅकट्रॅक), टेकऑफ, लँडिंग, कोणती धावपट्टी वापरात आहे, क्यूएनएच म्हणजे उंचीमापकाचा दाब, स्क्वॉक कोड म्हणजे रडारवर विमान ओळखायचा चार अंकी आकडा, उंची, दिशा, वेग. वाऱ्याची माहिती परत म्हणायची गरज नाही. नवखे नेमका वारा परत म्हणतात आणि ‘होल्ड शॉर्ट’ गाळतात.

‘रॉजर’ हे रीडबॅक नव्हे. ‘रॉजर’चा अर्थ ‘तुझं बोलणं पूर्ण पोचलं’ एवढाच. होकार हवा असेल तर ‘अफर्म’, नकार असेल तर ‘निगेटिव्ह’, ‘कळलं आणि तसं करतो’ म्हणायचं तर ‘विल्को’, जमणार नसेल तर ‘अनेबल’. ‘स्टँड बाय’ म्हणजे परवानगी नाही आणि नकारही नाही, नुसतं थांबा.

रीडबॅक करताना कान उघडे ठेवा, कारण अजून फेरी पुरी झालेली नसते. तुम्ही चुकीचं म्हणालात तर कंट्रोलर ‘निगेटिव्ह’ म्हणून बरोबर आकडा सांगेल. पण तो त्याच वेळी दुसऱ्या विमानाकडे बघत असेल, तर त्यालाही त्याने स्वतः सांगितलं होतं तेच ऐकू येतं. माणूस अपेक्षित असलेलं ऐकतो, आणि कंट्रोलर माणूसच असतो. म्हणून संशय असेल तर साधं रीडबॅक करू नका. आवाजात प्रश्न आणून भागत नाही, ‘कन्फर्म’ हा शब्दच वापरा. अंदाजाने भरलेला आकडा ठणठणीत आवाजात परत म्हटला की समोरचाही फसतो.

रीडबॅक अचूक असूनही अपघात होतात, तेही बघून ठेवा. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाच्या सौदिया कंपनीचं बोइंग 747 आणि कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन 76 हवेत धडकलं, 349 माणसं गेली. दिल्लीला येणाऱ्या इल्युशिनला 15,000 फुटांवर राहायचं होतं, दिल्लीहून निघालेल्या सौदियाला 14,000 वर. इल्युशिन आपली उंची सोडून खाली आलं. त्या विमानात रेडिओ सांभाळणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर स्वतःची उपकरणं नव्हती, पायलटांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे. रेडिओवर बोलणारं तोंड एकाचं आणि विमान हाकणारे हात दुसऱ्यांचे. चौकशी आयोगाने क्रूच्या अपुऱ्या इंग्रजीवरही बोट ठेवलं होतं. तुम्ही एकटे उडत असाल तरी तोंड आणि हात वेगळे असू शकतात: आकडा सवयीने परत म्हटला जातो आणि हात मात्र जुन्याच आकड्यावर असतो. म्हणून क्रम ठेवा: ऐकणं, लिहिणं, परत म्हणणं, उपकरणात तो आकडा लावणं, आणि लावलेला आकडा लिहिलेल्याशी ताडून बघणं.

चूक उगमातच असेल तर रीडबॅकही निरुपयोगी ठरतं. 23 मे 2022 ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए320 ला कंट्रोलरने क्यूएनएच 1011 सांगितला. खरा होता 1001. क्रूने 1011 इमानेइतबारे परत म्हटला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास 280 फुटांचा फरक. पावसाळी ढगात विमान, उंचीमापक सांगतं त्यापेक्षा तेवढं खाली, आणि धावपट्टीच्या बरंच अलीकडे ते जमिनीपासून अवघ्या 6 फुटांपर्यंत आलं. क्रूला धावपट्टी दिसली नाही म्हणून त्यांनी गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं, आणि सगळे वाचले. त्याच फ्रीक्वेन्सीवर एका फ्रेंच विमानाला बरोबर आकडा सांगितला गेला होता, पण फ्रेंचमध्ये. या क्रूला तो समजण्याचा प्रश्नच नव्हता. यातून दोन गोष्टी घ्या. रेडिओवर मिळालेला दाब एटीआयएसशी (विमानतळाच्या हवामानाच्या ध्वनिमुद्रित माहितीशी) किंवा निघतानाच्या हवामान अहवालाशी ताडून बघा. दहाचा फरक अर्ध्या तासात पडत नाही. आणि टॉवरमधला कंट्रोलर साताऱ्याचा आहे हे माहीत असलं तरी फ्रीक्वेन्सीवर मराठीत शिरू नका. तिथे तिसरा कुणीतरी ऐकत असतो, आणि त्याच्या डोक्यातलं आकाशाचं चित्र तुमच्या बोलण्यावर उभं असतं.

धावपट्टीच्या तोंडाशी

‘टेकऑफ’ हा शब्द टॉवरने ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ म्हटल्यावर, किंवा ते क्लिअरन्स रद्द करतानाच वापरायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. हा नियम टेनेरिफच्या राखेतून आला आहे.

27 मार्च 1977. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवरचा लोस रोदेओस विमानतळ, दाट धुकं, एकच धावपट्टी. केएलएमचं 747 टोकाला उभं, पॅन अॅमचं 747 त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत येत असलेलं. टॉवरने केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाचं क्लिअरन्स दिलं, टेकऑफचं नव्हे. पण त्या वाक्यात ‘टेकऑफ’ शब्द होता. सहवैमानिकाने ते परत म्हटलं आणि शेवटी जोडलं, ‘वुई आर नाउ अॅट टेकऑफ.’ निघालो, की निघायच्या जागी उभे आहोत? टॉवरने ‘ओके’ म्हटलं, क्षणभराने पुढे सांगितलं की थांबा, मी बोलावतो. त्याच क्षणी पॅन अॅमने सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही आवाज एकमेकांवर आले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर बरीचशी शिट्टीच पोचली. त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही की पॅन अॅम बाजूला झालंय ना? कॅप्टनने ठासून ‘हो’ म्हटलं. 583 माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके बळी दुसरीकडे गेलेले नाहीत.

मला यातला ‘ओके’ सगळ्यात जास्त खटकतो. तो ठरलेल्या शब्दांत बसत नाही, आणि ज्याला जे हवं ते त्यातून ऐकू येतं. तुमच्या तोंडातून रेडिओवर ‘ओके’ येत असेल तर आजच ती सवय मोडा.

धावपट्टीजवळच्या शब्दांची गफलत जुनी गोष्ट नाही. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट’ अशी सूचना होती. ‘नंबर वन’ म्हणजे निघणाऱ्यांच्या रांगेत पहिला. क्रूने ते धावपट्टीवर जायला मिळालेली परवानगी समजून विमान आत नेलं, आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस ए350 त्यावर आदळलं. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. एअरबसमधले सर्व 379 जण बाहेर पडले. त्यानंतर जपानने ‘नंबर वन’सारखे क्रमांक सांगणं काही काळ थांबवलं होतं.

तुमच्यासाठी पायरी सोपी आहे. धावपट्टीआधीच्या थांबायच्या रेषेजवळ आलात की स्वतःला विचारा, धावपट्टीवर जायला नेमका कोणता शब्द मिळाला? ‘लाइन अप अँड वेट’ (धावपट्टीवर जाऊन थांबा), ‘क्रॉस’, ‘बॅकट्रॅक’ किंवा ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ यापैकी काही मिळालं नसेल तर तुम्ही रेषेच्या अलीकडे. रेषा ओलांडण्याआधी दोन्ही बाजूंना मान वळवून बघा, परवानगी असली तरी.

न कळलं तर

‘से अगेन.’ दोन शब्द. सगळं निसटलं असेल तर नुसतं एवढंच. थोडंच निसटलं असेल तर ‘से अगेन ऑल आफ्टर हेडिंग’. फार भराभर बोलत असतील तर ‘स्पीक स्लोअर’. पुन्हा विचारलं म्हणून आजवर कुणाचं लायसन्स गेलेलं नाही. आपल्याकडे वर्गात, घरात, ऑफिसात न कळताही मान डोलवायची रीत आहे, आणि शिकाऊ पायलट ती कॉकपिटमध्ये सोबत आणतात. रेडिओवर ती मान टॉवरला दिसत नाही, फक्त तुमचा ‘रॉजर’ ऐकू जातो. सोलोवर असाल तर पहिल्या कॉललाच ‘स्टुडंट पायलट’ म्हणून सांगा. कंट्रोलर आपोआप हळू बोलतात.

अडचण असेल तर ती ठरलेल्या शब्दात सांगा. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कला उतरायच्या आधी एकूण सुमारे सव्वा तास घिरट्या घालत राहिलं. क्रूने ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आलंय असंही म्हटलं, पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ म्हटलंच नाही. गर्दीच्या संध्याकाळी इंधन कमी असल्याचं बरेच जण सांगतात. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, 158 पैकी 73 जण गेले. आता यासाठी दोन पायऱ्या आहेत: ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे मी एका विमानतळाशी बांधला गेलोय, आता उशीर परवडणार नाही, आणि राखीव इंधनालाही हात लागणार असेल तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. इतर संकटात जिवाला तातडीचा धोका असेल तर तीनदा ‘मेडे’. तातडी आहे पण तेवढी नाही, तर तीनदा ‘पॅन पॅन’. ज्या फ्रीक्वेन्सीवर आहात तिथेच बोला, उत्तर नाही मिळालं तर 121.5 या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर. भिडेपोटी सौम्य शब्द निवडू नका.

घरी सराव

खुर्चीत बसा, विमानतळाचा नकाशा समोर ठेवा, आणि इंजिन सुरू करण्यापासून पार्किंगपर्यंतचा प्रत्येक कॉल मोठ्याने म्हणा. मित्राला कंट्रोलर करा आणि त्याला सांगून ठेवा की मधूनच माझं रीडबॅक चुकीचं ‘दुरुस्त’ कर, मधूनच दुसऱ्याच कॉलसाइनला सूचना दे. तुम्ही फसलात की नाही ते बघा. नुसती वाक्यं पाठ करणाऱ्याला हा सराव पहिल्या दहा मिनिटांत उघडा पाडतो. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. बहुतेकांना आपण किती पळतो ते तिथेच कळतं.

रेडिओच गप्प झाला तर

आधी घरगुती तपास: आवाजाचं बटण, हेडसेटचा जॅक, फ्रीक्वेन्सी बरोबर लावलीय का, बटण अडकलंय का. मग आधीच्या फ्रीक्वेन्सीवर परत जाऊन बघा. काहीच नाही तर ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला कोड पाठवणाऱ्या यंत्रावर, 7600 (रेडिओ बंद पडल्याचा कोड) लावा. आपलं ऐकू जात असेल या हिशेबाने ‘ट्रान्समिटिंग ब्लाइंड’ म्हणून स्थान आणि इरादा दोनदा सांगा. टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. जमिनीवर लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी करा, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तिथे परत जा. दिवा दिसला हे कळवायला दिवसा हवेत पंख हलवा, जमिनीवर एलरॉन किंवा रडर हलवा. रात्री लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद करा. बेस आणि फायनल लेगवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या दोन टप्प्यांत, पंख हलवायची अपेक्षा नसते, तिथे विमान सरळ ठेवा.